मीसनच्या चाम मंदिरांची रेकी: तयार सहल घ्यावी की दिवसभराची गाडी?

मीसन म्हणजे मध्य व्हिएतनाममधली जुन्या हिंदू मंदिरांची दरी, तिथल्या चाम लोकांनी बांधलेली. दा नांग किंवा होई आन या गावांहून तिथे जायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे अर्ध्या दिवसाची तयार सहल, ज्यात बस, गाइड, तिकीट आणि बहुतेक वेळा जेवणही येते. दुसरा म्हणजे चालकासह दिवसभराची गाडी, आणि गाइड वेगळा. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या दोन-तीन माणसांच्या चमूंना माहितीपटाच्या तयारीसाठी तिकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण. मत आधीच सांगतो. सुटीवर असाल तर सहल चांगली. रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधीच्या जागेच्या पाहणीला, गेला असाल तर गाडीच घ्या, आणि ती पहाटेची घ्या.

याचे कारण उन्हात आहे. चाम लोकांनी बांधलेल्या मंदिरांचे मुख्य दार बहुतेक ठिकाणी पूर्वेला असते. सकाळचे तिरपे ऊन दारातून थेट आत जाते, दाराच्या चौकटीवरचे कोरीवकाम उठून दिसते आणि विटांचा लाल रंग खरा वाटतो. साडेनऊ-दहानंतर ऊन डोक्यावर येते. मग कोनाडे काळे पडतात, वरचा भाग फटफटीत होतो आणि त्याच भिंतीत दहा फुटांवर इतका फरक पडतो की साध्या कॅमेऱ्याला तो झेपत नाही. दुपारनंतर दर्शनी बाजू सावलीत जाते. होई आनहून आठ-साडेआठला सुटणारी बस नेमकी या वाईट वेळेला पोचते. पहाटेच्याही सहली मिळतात आणि त्या नक्कीच बऱ्या, पण त्यांत गाइड चमूला दीड-दोन तासांत मंदिरांच्या सगळ्या गटांवरून फिरवून आणतो. रेकीत एकाच दारापाशी पाऊण तास उभे राहायचे असते. उरलेले वीस पाहुणे त्यासाठी थांबणार नाहीत, आणि त्यांनी थांबावे अशी अपेक्षाही करू नये.

गाडी

सात आसनांची गाडी सांगितली की बहुतेक वेळा इनोव्हाच येते. तीन माणसे, दोन कॅमेरा बॅगा आणि ट्रायपॉडची लांब पिशवी तीत आरामात बसते. चार आसनी गाडी स्वस्त पडते, पण ट्रायपॉड मांडीवर घ्यावा लागतो. दिवसभराचे भाडे साधारण १२ ते १५ लाख डोंग, म्हणजे तिथले चलन. आकडा ऐकून दचकू नका: सुमारे ३०० डोंग म्हणजे एक रुपया, म्हणजे हे चार-पाच हजार रुपये झाले. इंग्रजी बोलणारा परवानाधारक गाइड घेतला तर त्याचे आणखी ८ ते १२ लाख डोंग धरा. भाड्यात पेट्रोल, टोल आणि पार्किंग असते. मंदिराचे तिकीट, ठरलेल्या तासांवरचा वेळ आणि वाटेवेगळे वळण नसते. तिथेच वाद होतात.

हे वाद टाळायचे असतील तर बोलण्यावर न जाता लेखी निरोप पाठवा. त्यात चार गोष्टी हव्यात: निघायची वेळ, एकूण तास, प्रत्येक थांब्याचा नकाशावरचा बिंदू, आणि दिवस कुठे संपणार, दा नांगला की होई आनला. ही गावे एकमेकांपासून तीसेक किलोमीटरवर आहेत. “हॉटेलवर सोडा” एवढेच लिहिले आणि मुक्काम दरम्यान बदलला तर जास्तीचे पैसे मागितले जातात, आणि ते मागणे रास्त असते. चालकांचे बहुतेक काम झालो नावाच्या निरोपांच्या ॲपवर चालते. तिथले सिमकार्ड घेतल्या घेतल्या ते ॲप उतरवून घ्या. चालकाला इंग्रजी बेताचेच येते, पण त्याच ॲपवर पाठवलेला नकाशाचा बिंदू त्याला लगेच कळतो. तोंडी सांगितलेले गावाचे नाव मात्र आपल्या उच्चारात त्याला कळत नाही.

आम्ही वापरलेल्या सेवेबद्दल, नाव न घेता. गाडी स्वच्छ, वातानुकूलन ठणठणीत, चालक वेगाच्या बाबतीत सावध. तक्रारी दोन. पहिली, कार्यालयाने पहाटेची वेळ कबूल केली, पण चालकापर्यंत ती पोचली अर्ध्या तासाने उशिराची. पहाटेच्या कामात तो अर्धा तास म्हणजे पहिले ऊनच. म्हणून आदल्या रात्री थेट चालकाकडून वेळेची कबुली घ्या, मधल्या माणसाकडून नको. दुसरी, परतताना गाडी न विचारता संगमरवरी मूर्तींच्या दुकानांकडे वळली. अशा ठिकाणी गाडीवाल्यांना दलाली मिळते हे उघड आहे. “दुकाने नकोत” हे पहिल्याच निरोपात लिहिले तर हा प्रश्न येत नाही.

भाड्याच्या स्कूटरवर जाण्याचा मोह होईल, कारण रस्ता सुंदर आहे आणि स्कूटर दिवसाला काही शे रुपयांत मिळते. हा मोह आवरा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारावर आधारित असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला परवाना मानतो. त्यामुळे ५० सीसीवरची गाडी आपण तिथे कायदेशीरपणे चालवू शकत नाही. दुकानदार परवाना न बघता चावी देतो, पण अपघात झाला की प्रवासविमा हात वर करतो. महागडी लेन्स पाठीवर असताना हा धोका घेण्यात अर्थ नाही. ग्रॅब या ॲपवरची टॅक्सी जाताना मिळेल, मीसनहून परतताना मिळेलच असे नाही.

वाट

दा नांगहून अंतर सुमारे ७० किलोमीटर, होई आनहून ४०. पहाटे अनुक्रमे दीड तास आणि तास धरा. फाटक सकाळी सहाला उघडते. मे-जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या आसपास वर येतो, डिसेंबरमध्ये सहाच्या पुढे. त्यामुळे उन्हाळ्यात फाटक उघडेपर्यंत उजाडलेले असते. काळजी नको, दरी चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली आहे आणि ऊन मंदिरांवर उतरायला वेळ घेते. दा नांगहून साडेचारला आणि होई आनहून पाचला निघा.

वाहतूक तिथे उजव्या बाजूने चालते, चालक डावीकडे बसतो. चालत्या गाडीतून भातशेती टिपायची असेल तर उजव्या खिडकीशी बसा. डावीकडून प्रत्येक दृश्यात समोरून येणारे ट्रक येतात.

परतीच्या वाटेवर त्रा किऊला थांबणे सोडू नका. चाम लोकांच्या चंपा राज्याची राजधानी सिंहपूर ती हीच. आज वर दिसायला फारसे काही नाही, पण गावातल्या टेकडीवर चर्च आहे आणि तिथून आजूबाजूची शेते, जुन्या तटाची जागा आणि पश्चिमेकडचे डोंगर एका नजरेत येतात. राजधानी आणि तिचे देवस्थान यांचे नाते प्रेक्षकाला नकाशावर दाखवण्यापेक्षा इथून दाखवणे सोपे. तयार सहलींच्या यादीत हा थांबा सहसा नसतो. गाडी घेण्याचे हे दुसरे कारण.

फाटकाच्या आत

परदेशी पाहुण्याचे तिकीट १,५०,००० डोंग, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. त्यात विजेवरच्या गाडीची फेरी येते. फाटकापासून मंदिरांजवळच्या थांब्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटर आहेत. अगदी सकाळी पहिली गाडी भरेपर्यंत थांबावे लागू शकते. सामान कमी असेल तर सरळ चालायला लागा, रस्ता झाडीतून आणि सावलीचा आहे. रोख पैसे देताना नोट दोनदा बघा: २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि मंद उजेडात त्यांची अदलाबदल सहज होते.

फाटकाजवळ जपानच्या मदतीने उभे राहिलेले छोटे संग्रहालय आहे. ते सकाळी बघू नका. तिथे दरीचा नकाशा, गटांची मांडणी आणि बांधकामाच्या पद्धतीवर चांगली माहिती आहे, पण ती माहिती अकराच्या उन्हातही तशीच राहणार. सकाळचा उजेड राहत नाही.

मंदिरांचे गट ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी ओळखले जातात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच अभ्यासक आंरी पारमांतिए याने घातली आणि आजही तीच चालते. रेकीच्या टिपणात, शॉटच्या यादीत आणि पुढे संकलनात हीच नावे वापरा. “मोठ्या झाडाजवळचे देऊळ” अशा नोंदी ठाण्याला परतल्यावर कोणालाच उलगडत नाहीत.

सुरुवात बी-सी-डी गटांपासून करा. हे गट थांब्याच्या वाटेवर पहिले येतात, सगळ्या सहलीही इथेच येतात, म्हणून ते साडेआठच्या आत उरकायचे. सी-१ हे उभे असलेले मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि त्याचे छप्पर खोगिरासारखे दोन्ही टोकांना उचललेले. बी-५ चे छप्परही तसेच, नावेसारखे. त्याच्या भिंतीवर झाडाखाली सोंडेत सोंड गुंफलेले दोन हत्ती आहेत. हे शिल्प उथळ आहे, तिरपे ऊन नसले तर कॅमेऱ्यात जवळजवळ नाहीसे होते. बी-१ चा फक्त दगडी चौथरा आणि त्यावरचे लिंग उरले आहे. डी-१ आणि डी-२ हे लांबट मंडप आता शिल्पे ठेवायच्या खोल्या झाले आहेत. तिथे अंधार आणि दारातून येणारा झोत असा खेळ आहे, त्यामुळे दारात उभा माणूस नुसता काळा आकार दिसतो. मुलाखतीसाठी ती जागा धरू नका.

गर्भगृहात शिरल्यावर जागा थोडी असते आणि छत वर टप्प्याटप्प्याने आत सरकत निमुळते होते. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्याला १६ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स हवी, २४ ने भागत नाही. दिवा लावायची परवानगी गृहीत धरू नका. एफ २.८ किंवा त्याहून उघडी लेन्स न्या.

विटा

मीसनवर माहितीपट करायचा असेल तर खरी गोष्ट विटेत आहे, आणि इथे घाई करणारा गाइड काही कामाचा नाही. भिंतीशी नाक लावून बघा. जुन्या भिंतीत दोन विटांमधली सांध्याची रेघ केसाएवढी बारीक दिसते, चुन्याचा जाड थर कुठेच नाही. विटा कशाने जोडल्या यावर अभ्यासकांत बराच काथ्याकूट झाला आहे. झाडाच्या चिकापासून केलेला राळेसारखा पदार्थ वापरला, हे मत आज जास्त मानले जाते आणि नव्या दुरुस्तीतही तशी राळ वापरून पाहिली आहे. कोरीवकाम भिंत उभी राहिल्यावर केलेले, म्हणून एकच आकृती चार विटांवर सलग पसरलेली दिसते. खांबाच्या कडेला मॅक्रो लेन्स लावली की पाकळीच्या मधोमध विटेचा सांधा दिसतो. हा एक शॉट पाच वाक्यांच्या निवेदनाचे काम करतो.

मग नजर दुरुस्तीच्या भागाकडे न्या. काही ठिकाणी नव्या विटांवर पांढरे क्षार फुलून आले आहेत किंवा शेवाळ धरले आहे, आणि शेजारची हजार वर्षांची वीट स्वच्छ आहे. ओलावा विटेतून बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडतो, आणि नव्या विटेची घडण वेगळी असल्याने ती क्षार जास्त सोडते. पावसाळ्यानंतर हे डाग जास्त उठून दिसतात. संवर्धन किती अवघड आहे हे दाखवायला याहून प्रामाणिक पुरावा नाही.

ए गटात हे आणखी ठळक होते. ए-१ हे इथले सर्वांत भव्य मंदिर होते, पूर्व आणि पश्चिम अशी दोन दारे असलेले. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत ते कोसळले. आज जे दिसते तो ढिगाऱ्यातून सावरलेला पाया आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ ते २०२२ या काळात ए, एच आणि के या गटांचे काम केले. त्याच कामात मे २०२० मध्ये ए-१० मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग उघडे झाले, आणि ए-१० ची वेदी आज व्हिएतनामचा राष्ट्रीय ठेवा आहे. एफ गटाच्या संवर्धनासाठीही २०२४ मध्ये दोन्ही देशांत सहमती झाली. मराठी प्रेक्षकासाठी चित्रपटाचा धागा इथून सुरू करता येतो, कारण काम करणारे हात आपल्याकडचे आहेत. तरी आमचा आग्रह आहे की चाम लोक या गोष्टीच्या मध्यभागी राहावेत. त्यांचा समाज व्हिएतनामात आजही आहे, त्यांच्यात हिंदू परंपरा पाळणारेही आहेत, आणि “आपली संस्कृती तिकडे कशी पोचली” एवढ्यावरच चित्रपट थांबवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

जी गट बाराव्या शतकातला, जय हरिवर्मनाच्या काळातला. त्याचे संवर्धन युनेस्कोबरोबर इटलीच्या तज्ज्ञांनी केले. चौथऱ्याभोवती भाजक्या मातीची कालमुखे आहेत, आपल्या कीर्तिमुखाची भावंडे. इथे गर्दी कमी पोचते, नऊनंतरही शांत असते. ई आणि एफ गट त्यापुढे. के मनोरा वेगळा, रस्त्याच्या बाजूला, आणि त्याच्या पूर्वेला दोन भिंतींमधली सुमारे आठ मीटर रुंद प्राचीन वाट उत्खननात सापडली आहे. पूजेला येणारे राजे याच वाटेने आत जात असावेत असा तर्क आहे. तयार सहल के मनोऱ्याला थांबत नाही.

ठरलेली पायवाट सोडून झाडीत शिरू नका. युद्धानंतर इथले सुरुंग आणि न फुटलेले बाँब काढले गेले, पण चांगल्या कोनासाठी झुडपांत उतरणे हा या दरीत करायचा प्रयोग नव्हे.

गाइड निवडताना

आमच्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक गाइड पाडतो. सहलीचा गाइड बाँबफेकीची गोष्ट, विटांचे गूढ आणि अप्सरा नृत्य या तीन गोष्टी छान सांगतो आणि तिथे थांबतो. रेकीसाठी घेताना आधी तीन प्रश्न विचारा: ए-१० ची वेदी कुठून दिसते, जी गटाकडे न्यायला तयार आहात का, आणि शिलालेखांपैकी कुठले जागेवर आहेत. पहिल्या प्रश्नालाच अडखळला तर दुसरा बघा.

शिलालेख संस्कृत आणि जुन्या चाम भाषेत आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मनाने इथे भद्रेश्वराचे देऊळ उभारले आणि देवाला जमीन दिली, त्या दानपत्रात सीमा म्हणून डोंगरांची नावे आहेत आणि त्यांत एक महापर्वत. ते लाकडी देऊळ पुढे जळाले आणि सातव्या शतकात शंभुवर्मनाने नव्याने बांधून देवाला शंभुभद्रेश्वर केले. हा तपशील सोबत छापून न्या, गाइडवर सोपवू नका. संस्कृत नावे व्हिएतनामी उच्चारात ओळखू येत नाहीत, आणि ध्वनिमुद्रणात ऐकलेले नाव नंतर शोधणे म्हणजे दिवस वाया.

आवाज

दृश्यांइतकाच विचार आवाजाचा करा. आवारातल्या मंचावर दिवसातून काही वेळा चाम नृत्य-संगीताचा कार्यक्रम होतो. त्यातली सरनाई, म्हणजे सनईच्या कुळातले वाद्य, आणि ढोल ध्वनिक्षेपकावरून बरेच दूर ऐकू येतात. कार्यक्रम स्वतः टिपण्यासारखा आहे, पण त्या वेळी बी-सी-डी गटांत शांत आवाज मिळणार नाही. वेळापत्रक फाटकावर आदल्या दिवशीचे नव्हे, त्या दिवशीचे विचारा. उन्हाळ्यात सिकाडा, म्हणजे दिवसा किरकिरणारे किडे, सकाळी दहापासून असा सूर धरतात की मुलाखतीमागे तो सतत करवतीसारखा राहतो. सातच्या आत प्रत्येक गटात दोन-दोन मिनिटे नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवा. ती संकलनात लागतेच.

परवानग्या आणि सामान

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंत, एकदा प्रवेशासाठी २५ अमेरिकी डॉलर. या व्हिसावर पाहुणा म्हणून फोनने किंवा छोट्या कॅमेऱ्याने टिपणे वेगळे आणि मुलाखती, मोठा चमू, प्रकाशयोजना यांसह चित्रीकरण वेगळे. दुसऱ्यासाठी रीतसर परवानगी लागते आणि ती बहुधा स्थानिक निर्मिती संस्थेमार्फतच मार्गी लागते. रेकीत सामान पाहुण्याएवढेच ठेवा. ट्रायपॉड उघडण्याआधी फाटकावर विचारा. जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला आहे, त्यामुळे जुन्या माहितीत दिसणारे प्रांताच्या कार्यालयांचे पत्ते पत्रव्यवहारासाठी वापरू नका. ड्रोन ठाण्यातच ठेवा. तिथे तो उडवायला वेगळी पूर्वपरवानगी लागते आणि तिच्याशिवाय तो नेणे म्हणजे विमानतळापासून डोकेदुखी.

वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. म्हणून २५ फ्रेम आणि पन्नासावा शटर ठेवला की संग्रहालयातल्या दिव्यांची थरथर येत नाही. पिना मात्र दोन, आपली जाड तीन पिनांची वायर बसत नाही. ठाणे स्टेशनबाहेर मिळणारे साधे ॲडॉप्टर चालतात, दोन-तीन घ्या. बॅटऱ्या हातातल्या सामानात. १०० वॉट-तासांखालच्या बिनघोर जातात, १०० ते १६० मधल्या विमान कंपनीला विचारून दोनच. कॅमेऱ्याचे घड्याळ दीड तास पुढे करा. एकाचे केले आणि दुसऱ्याचे राहिले तर फायली जुळवताना फार जीव जातो.

हवामान हा ठाणेकरांसाठी चांगला योग आहे. आपल्याकडे जून ते ऑगस्ट पाऊस कोसळत असतो आणि बाहेरचे चित्रीकरण बंद पडते, तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये कोरडा उन्हाळा असतो. तिकडचा खरा पाऊस सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या गावात पाणी शिरते. दिवाळीच्या सुटीत जायचे बेत म्हणूनच नकोत. उन्हाळ्यात जाल तर दरीत वारा अडतो आणि ऊन चाळिशीकडे झुकते. माणशी दोन लिटर पाणी गाडीतून सोबत घ्या. फेब्रुवारी-मार्च सर्वांत सुखाचा.

जाण्याआधी एक तालीम आपल्या जिल्ह्यातच होते: अंबरनाथचे शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले, आणि तेही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातले. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून. अंधारात पोत कसा टिपायचा, रुंद लेन्सने खांब किती वाकतात, भक्तांच्या ये-जा करण्यात आड न येता कसे उभे राहायचे, हे सगळे तिथे कळते. फक्त एक ध्यानात ठेवा: हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तालीम दुपारी चारनंतर करा. सोमवार आणि श्रावण टाळा, फोनने काम भागवा.

जेवण आणि दुपार

या भागाचा पदार्थ म्हणजे मी क्वांग: हळदीच्या रंगाच्या रुंद शेवया, तळाशी थोडाच रस्सा, वर शेंगदाणे आणि तिळाचा कुरकुरीत पापड. एरवी त्यात कोळंबी आणि डुकराचे मांस असते. शाकाहारी असाल तर “चाय” असे लिहिलेली खाणावळ शोधा आणि माशाच्या सॉसबद्दल वेगळे विचारा, तो भाजीतही असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच स्थानिक लोक शाकाहार करतात, तेव्हा पर्याय भरपूर मिळतात. चालकाला जेवायला सोबत बसवा. त्याला चांगली जागा माहीत असते आणि दुपारची गाडी वेळेवर निघते.

अकराला मीसन सोडले, त्रा किऊला तासभर दिला, जेवण केले, की तीनच्या सुमारास दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात पोचता येते. पाचला ते बंद होते, म्हणून गाडीच्या तासांत हा थांबा आधीच लिहून घ्या. इमारत १९१५ च्या सुमाराची, १९१९ मध्ये खुली झालेली, तिकीट ६०,००० डोंग. मीसनची उत्तम शिल्पे इथे आहेत, त्यामुळे हा थांबा वगळला तर रेकी अर्धीच राहते. ई-१ मंदिरातली सातव्या शतकातली वेदी इथल्या मीसन दालनात आहे. तिच्या कडेने तपस्व्यांचे रोजचे जगणे कोरले आहे: कोणी बासरी वाजवतो, कोणी वीणा, कोणी शिष्याला शिकवतो. सकाळी ई गटात जी रिकामी जागा पाहिली, तिथे ही वेदी होती. दोन्हीचे एकाच उंचीवरून आणि एकाच लेन्सने छायाचित्र घ्या. पुढे एकावर दुसरे विरघळवायचे ठरले तर मापे जुळतात.

बरीच शिल्पे काचेमागे नाहीत, म्हणून प्रतिबिंबांचा त्रास कमी. पण खिडकीचा निळसर उजेड आणि छतावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड एकाच दगडावर पडतात. नंतर रंग जुळवता यावेत म्हणून करड्या कार्डाचे एक चित्र प्रत्येक दालनात घ्या. फ्लॅश वापरू नका, आणि हात लावू नका, जरी काच नसली तरी.

गाडी सोडताना चालकाला बक्षिशी देणे सक्तीचे नाही. पहाटे साडेचारपासून चाके फिरवणाऱ्या माणसाला लाखभर डोंग द्यायला मन कचरू नये. त्याचा झालोवरचा क्रमांक जपून ठेवा. प्रत्यक्ष चित्रीकरणाला परत जाल तेव्हा मध्यस्थ टाळून त्यालाच विचारा, कारण कुठे थांबायचे, किती वेळ आणि का, हे त्याला आता कळलेले असते.